अक्कांचा पुरवणी अर्ज

अन्याय झाला तो मृणालवर. (नाव बदललं आहे. नवं तिनंच निवडलं.) वेळ: गेल्या वर्षी मार्च महिन्यातला दुसरा रविवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. मंडळाच्या घड्याळात तेव्हा अकरा वीस झाले होते, पण ते घड्याळ कायम दहा मिनिटं पुढे असतं आणि मंडळाची कार्यकारिणी कायम पन्नास वर्षं मागे. स्थळ: बेंगळुरूतल्या आमच्या भागातल्या मराठी मंडळाचं सभागृह, वधूवर नोंदणीचं टेबल. हत्यार: एक पिवळी फाइल.

मृणालनं नोंदणीचा अर्ज भरला होता. शिक्षण, उंची, गोत्र, पगार, आणि चौदावा रकाना: ‘घराण्यात मानसिक आजार आहे काय? होय / नाही.’ तिनं ‘होय’वर खूण केली. तिची आई सत्तावीस वर्षं आजारी आहे, औषधं घेते, बरीच बरी असते, अधूनमधून नसते. टेबलामागच्या बाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "अगं, असं लिहायचं नसतं. सगळे ‘नाही’च लिहितात."

मृणाल म्हणाली, "पण आहे ना."

कार्यवाहांनी अर्ज निळ्या फाइलीतून काढला आणि पिवळ्या फाइलीत सरकवला. निळी फाइल पाहुणेमंडळी चाळतात. पिवळी, म्हणजे ‘विशेष’, कपाटात जाते. खोटं लिहिणारे निळ्यात, खरं लिहिणारी कपाटात. मी तीन फुटांवर उभी होते. मी साक्षीदार आहे, आणि हे जबानीसारखंच वाचावं.

मृणाल ही माझ्या घरमालकीणबाईंची भाची. आणि सांगायचं आहे ते या घरमालकीणबाईंबद्दल, कारण त्या रविवारनंतर त्यांनी जे केलं ते मंडळाच्या इतिहासात कुणी केलं नव्हतं आणि मंडळाच्या इतिवृत्तात कुणी लिहिणार नाही.

त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणायची, म्हणून मीही. त्यांचे आजोबा सरकारी कारखान्यात नोकरीला म्हणून इथे आले, तेव्हापासून घर इथलंच. मराठी बोलताना मध्येच ‘स्वल्प थांब’ म्हणत, म्हणजे जरा थांब. आणि वाद संपवायचा असला की ‘सरी’. एकदा ‘सरी’ झालं की विषय मिटला, मग तुम्ही कितीही बरोबर असा. निवृत्तीपर्यंत त्या एका संशोधन संस्थेच्या प्राणिगृहात होत्या. प्राणिगृह म्हणजे प्रयोगाचे उंदीर जिथे पाळतात ती जागा. शास्त्रज्ञ दुसऱ्या मजल्यावर, उंदीर तळमजल्यावर, आणि अक्का उंदरांत. आता त्या शहराबाहेर, आनेकलला बहिणीकडे राहतात. मल्लेश्वरमच्या घराच्या वरच्या खोलीत मी चार वर्षं काढली.

मी नागपूरची. आठवड्याचे पाच दिवस महादेवपुऱ्यातल्या कंपनीत मान मोडून राबायची, उरलेले दोन दिवस आमच्या छोट्या संघटनेची पत्रकं लिहायची. खोली शोधत फिरताना बेंगळुरूच्या घरमालकांचे सगळे प्रश्न पाठ झाले होते. मांसाहार? मित्र येणार? किती वाजता घरी? उत्तरं तयार होती, भांडणही तयार होतं. अक्कांनी मला आपादमस्तक पाहिलं आणि विचारलं, "तू पोटात होतीस तेव्हा तुझ्या आईला कोणी छळत होतं का गं?"

दलालानं फोनमध्ये तोंड घातलं. मी म्हटलं, "घर भाड्यानं देताना असा प्रश्न विचारता येत नाही."

"भाड्याशी काय संबंध? खोली तुला दिलीच. मला आपलं कुतूहल."

त्या दिवशी आईला फोन करून हसत हसत सांगितलं, तर आई म्हणाली, "काहून बाप्पा? तिला काय करायचं आहे?" फोन ठेवला. पाच मिनिटांनी तिचाच फोन आला. पुढचा सव्वा तास ती बोलत होती. माझ्या आत्याचं नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. सामान अजून खोक्यांत होतं, आणि अक्कांनी माझ्या घरचं एक कपाट उघडून ठेवलं होतं.

हा त्यांचा छंद. लोक पत्रिका विचारतात, तशा त्या हालअपेष्टा विचारत. इस्त्रीवाल्याला बापाचा मार, भाजीवालीला दुष्काळ, बँकेतल्या मॅनेजरला वसतिगृहातलं पहिलं वर्ष. लोक चिडत, मग सांगत. गल्लीत रिक्षा हॉर्न वाजवत शिरली की अक्का फाटकातून ओरडत, "अण्णा, निधान, सावकाश! हॉर्न नको, इथं एक गरोदर बाई राहते!" रिक्षावाला ओशाळून सावकाश जाई. मी एकदा विचारलं, कोण गरोदर आहे?

"कोण ते मला काय ठाऊक? एवढ्या घरांत असेलच कोणीतरी."

शेजारच्यांच्या डाळीच्या डब्याशी उंदीर आला, त्यांनी सापळा आणला. अक्का पिंजरा घेऊन हजर. त्या धरलेली उंदरीण तलावाकाठी सोडून आल्या. शेजारी म्हणाले, "अक्का, ती परत येईल." अक्का म्हणाल्या, "येऊ दे. पण घाबरून पळाली असती आणि मग व्याली असती, तर पिल्लं आईहून तल्लख निघाली असती. तुमच्या डब्याचं झाकण तुमच्याआधी त्यांनी उघडलं असतं." यात शास्त्र किती आणि शेजाऱ्यांची फिरकी किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांना कळत होतं. गालातल्या गालात हसायच्या.

पण गंभीरपणे विचारलं तर गंभीरपणे सांगत. मी म्हणायची, आजार एक तर रक्तात असतो नाही तर समाजात, बाजू घ्या. त्या म्हणायच्या, "पत्रकवाले, तुझं डोकं पत्रकासारखं आहे. एकाच बाजूनं छापलेलं." मग पोथीचं सांगायच्या.

"प्रत्येकाला जन्मताना एक पोथी मिळते. निम्मी आईकडून, निम्मी बापाकडून. अक्षरं तीच राहतात. पण पोथी कुठल्या घरात पडली त्यावर कुठली पानं वाचली जातील ते ठरतं. काही पानांवर समईचं तेल सांडतं, ती चिकटतात. मजकूर जागेवर, पण वाचता येत नाही. काही पानं इतक्यांदा उघडलेली असतात की पोथी नुसती हातात घेतली तरी तीच उघडतात. भीतीचं पान तसलं असतं."

"चिकटलेली पानं सुटतात?"

"काही सुटतात. सावकाश. औषधानं, झोपेनं, माणसांनी. काही नाही सुटत. सगळी सुटतात म्हणणारा आणि एकही सुटत नाही म्हणणारा, दोघांना चहा विचारू नये. आणि हे मी उंदरांत पाहिलंय. माणूस म्हणजे जास्त पगाराचा उंदीर नव्हे. स्वल्प जपून बोलायचं."

स्वयंपाकघरात, लोक जिथे अन्नपूर्णा ठेवतात तिथे, त्यांनी एक मेमो फ्रेम करून लावला होता. संस्थेनं त्यांनाच दिलेला. ‘आपण वरिष्ठांच्या परवानगीशिवाय प्रयोगात ढवळाढवळ केली’ अशी त्याची सुरुवात.

प्रयोग असा होता. व्यालेल्या उंदरिणींच्या काही पिंजऱ्यांत भरपूर भुसा घालायचा, काहींत मुद्दाम चिमूटभर. भुसा कमी पडला की आईला घरटं करता येत नाही. ती पिल्लांना चाटायचं सोडून येरझाऱ्या घालते, अर्धवट चाटते, तुडवते. मग ती पिल्लं मोठी होऊन किती घाबरट निघतात, त्यांच्या मेंदूत कुठली पानं चिकटली, ते दुसऱ्या मजल्यावर बघायचं. दुसरा मजला त्या उंदरिणींना ‘वाईट आया’ म्हणे. अक्कांना त्याचा संताप. "वाईट आई काय? भुसा तुम्ही काढून घेतलात, आणि नावं तिला ठेवता!" आणि दर शनिवारी, सगळे घरी गेले की, अक्का त्या पिंजऱ्यांत मूठमूठ भुसा टाकून यायच्या.

कित्येक महिने दुसऱ्या मजल्याचे आकडे जुळेनात. घाबरट निघायला हवी ती पिल्लं मजेत. संशोधक मुलगी रडकुंडीला आली. पिंजरे बदलले, खाद्य बदललं, पाणी तपासलं. शेवटी ती तळमजल्यावर येऊन अक्कांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, तेव्हा अक्कांनी कबूल केलं. मेमो आला. पगारवाढ थांबली.

"तिची दोन वर्षं वाया घालवली मी," अक्का म्हणाल्या. "फार चूक केली. पण एक आहे. भुशानं फरक पडतो, हे त्या इमारतीत माझ्याइतकं पक्कं कुणी सिद्ध केलं नाही."

मी पोट धरून हसले. हसताना विचारलं, "पण एवढं काय भरलं होतं तुमच्या मनात?"

त्यांनी गॅस बंद केला. मग सांगितलं ते एका दमात, भाजी निवडत. आदल्याच वर्षी त्यांची धाकटी बहीण बाळंत झाली होती. सासर आनेकलला, नवरा तिथल्या कारखान्यात, खोली एक, माणसं सहा. मुलगी झाली म्हणून टोमणे. बाराव्या दिवशी चुलीपुढे. झोप अशी नाहीच. अक्का रविवारी बसनं जायच्या, डिंकाचे लाडू द्यायच्या, संध्याकाळच्या बसनं परत. एका रविवारी बहीण म्हणाली, "ताई, दोन दिवस राहा ना. मला कसंतरी होतंय."

"मी म्हटलं, उद्या पिल्लांची वजनं आहेत."

पुढच्या रविवारी गेल्या तर बहीण भिंतीशी बोलत होती आणि बाळ दुसऱ्याच कुणाचं तरी आहे असं सांगत होती. सासरचे म्हणाले, हिच्या रक्तातच आहे, आम्हाला फसवलं.

"रक्तात काही असेलही," अक्का म्हणाल्या. "आमची एक आत्या तशी होती. पण खोली एक आणि माणसं सहा, हे काही रक्तात नव्हतं."

ते बाळ म्हणजे मृणाल.

तर त्या मार्चमधल्या रविवारी मी सभागृहातून तडक खोलीवर आले आणि पत्रक लिहून काढलं. ‘मानसिक आजार आनुवंशिक नसतो! ही निव्वळ अंधश्रद्धा! मंडळाच्या प्रतिगामी कार्यकारिणीचा जाहीर धिक्कार!’ खाली जाऊन वाचून दाखवलं. अक्कांनी लाल पेन घेतलं आणि पहिलं वाक्य खोडलं.

"खोटं आहे."

"अक्का, चळवळीत इतकं बारीक लिहून चालत नाही."

"का? भांडताना खरं बोललं तर पाप लागतं? काहीतरी रक्तातून येतं. किती, ते कुणी नेमकं सांगू शकत नाही. तू ‘नसतो’ लिहिलंस की मंडळातला एखादा डॉक्टर उठेल, तुझं पत्रक फाडेल, आणि बरोबर फाडेल. मग पोरगी आहे पिवळ्या फाइलीत कायमची."

"मग ठेवू काय?"

"धिक्कार ठेव. धिक्कार चांगला जमलाय."

माझ्या मागोमाग आलेली मृणाल पायरीवर बसून ऐकत होती. ती म्हणाली, "तुमचं झालं असेल तर मी एक विचारू? मावशी, मला होईल का?"

मी तोंड उघडलं. अक्कांनी हात वर केला आणि मला गप्प बसवलं. आयुष्यात मला गप्प बसवणारी माणसं थोडी.

"होऊ शकतं," अक्का म्हणाल्या. "इतरांपेक्षा तुझी शक्यता काहीशी जास्त आहे. बहुतेक होणार नाही. पण ‘होणारच नाही’ असं मी तुला सांगणार नाही, कारण मग झालं तर तू मला सांगायला येणार नाहीस."

मृणालनं नखांवरून नजर उचलली. "हे मला आजपर्यंत कुणी सरळ सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "बँकेत काम करताना एखाद दिवशी उगीच रडू आलं की वाटतं, आलं वाटतं. ते घेऊन मी एकटीच फिरते." मग आमच्याकडे वळली. "आणि तुम्ही दोघी माझ्या नावानं काय चळवळ करणार असाल ती आधी मला विचारून. आईचं नाव कुठे यायचं नाही. माझं लग्न झालं नाही तरी चालेल. पण तो अर्ज कपाटात नको."

"सरी," अक्का म्हणाल्या.

एप्रिलच्या मेळाव्याला अक्का आजीव सभासदाच्या हक्कानं नोंदणीच्या टेबलाशेजारी दुसरं टेबल मांडून बसल्या. काठाची साडी, गळ्यात चष्मा, पुढ्यात छापील कागदांचा गठ्ठा. वर ठळक अक्षरात: ‘पुरवणी अर्ज. घराण्याची संपूर्ण माहिती. प्रत्येक रकाना भरणे आवश्यक.’

आता आमच्या मंडळातली माणसं लक्षात घ्या. हयात सरकारी कारखान्यांत आणि संशोधन संस्थांत गेलेली. यांच्यासमोर छापील अर्ज ठेवला आणि ‘आवश्यक’ लिहिलं की हात आपोआप खिशातल्या पेनकडे जातो. काय आहे, कशासाठी आहे, हे विचारणं नंतर. तीन प्रतींत लागेल का, हे आधी. महादेवपुऱ्याहून आलेली नवी पोरं तेवढी म्हणाली, "आँटी, ऑनलाइन नाही का?" बाकी सगळ्यांनी रांग लावली.

आणि भरू लागले! ‘मुलगा पोटात असताना घरात कोण कोण मोठ्यानं बोलत असे?’ ‘मुलास लहानपणी कशानं मारलं: पट्टी, पट्टा, लाटणं, टोमणा? (लागू असलेल्या सर्वांवर खूण करा.)’ ‘या घरात बाळंतिणीला सलग किती तास झोप मिळाली?’ ‘मुलगा रोज किती तास ट्रॅफिकमध्ये असतो व घरी आल्यावर पहिला राग कोणावर निघतो?’ ‘वडील शेवटचे केव्हा रडले? कोणासमोर?’ असे अठरा.

थोड्या वेळानं सभागृहाचा आवाज बदलला.

"पट्ट्यानं मी एकदाच मारलं."

"एकदाच? दहावीचा निकाल, सायकल हरवली तेव्हा, आणि गणपतीत. तीन."

"आई, मी पोटात असताना आजी मोठ्यानं बोलायची?"

"मोठ्यानं? गल्लीत ऐकू जायचं."

एक काका पेन टेबलावर ठेवून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. ‘कोणासमोर’पाशी अडकले होते. त्यांच्या बायकोनं तो रकाना हातानं झाकून घेतला, शेजारच्यांना दिसू नये म्हणून. एका ताईंनी झोपेच्या रकान्यात ‘दोन’ लिहिलं, खोडलं, ‘दीड’ लिहिलं, आणि सासूबाईंच्या हातात तो कागद तसाच दिला. मी गमतीसाठी आले होते. मला तिथून पुढे गंमत वाटेना.

कार्यवाह धावत आले. "हा अर्ज मंडळाचा नाही! कुणी परवानगी दिली?"

"तुम्हाला घराण्याची चौकशी हवी ना?" अक्का म्हणाल्या. "तुमच्या अर्जात ती एका रकान्यात उरकलीय. मी पूर्ण करतेय. अर्धवट माहितीवर लग्नं होऊ नयेत."

"ही खासगी माहिती आहे, अक्का! लोकांना अशी उघड करायला लावता?"

"अगदी बरोबर," अक्का म्हणाल्या, आणि पुढे एक अक्षर बोलल्या नाहीत.

कार्यवाहांना स्वतःचंच वाक्य ऐकू यायला वेळ लागला. मग त्यांचा चेहरा पडला. मग ते वाकले आणि कुजबुजले, "तो... माझा अर्ज तेवढा परत द्या." त्यांच्या मुलासाठी त्यांनीही भरला होता. सकाळी, सगळ्यांच्या आधी, मंडळाचाच समजून. अठराच्या अठरा रकाने, सुवाच्य अक्षरात.

अक्कांनी सगळे अर्ज परत केले. पालथेच गोळा केले होते, पालथेच दिले. "मी एकही वाचलेला नाही," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "ज्यांना घरी नेऊन वाचायचे असतील त्यांनी वाचा. ज्यांना फाडायचे असतील त्यांनी फाडा. कपाटात कुणाचाच ठेवणार नाही."

कार्यवाह म्हणाले, विषय कार्यकारिणीपुढे ठेवतो. म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. पण तेवढ्यात मृणाल कपाटापाशी गेली, पिवळ्या फाइलीतून आपला अर्ज काढला, निळ्या फाइलीत सगळ्यांच्या वर लावला आणि कपाट बंद करून कुलपातली किल्ली कार्यवाहांच्या हातात दिली.

तुम्हाला शेवट गोड हवा असेल तर माफ करा. चौदावा रकाना अजून छापला जातो. जुने अर्ज संपायचे आहेत म्हणे. पिवळी फाइल कपाटात आहे, मृणालचा अर्ज सोडून बाकीचे सगळे तिच्यात. मृणालचं लग्न ठरलं का, असं विचारणाऱ्याला ती पुरवणी अर्ज पाठवते. आणि वर्षअखेर मी वरची खोली सोडल्यावर अक्कांनी ती दुसऱ्या मुलीला दिली, खालच्या घराला कुलूप लावलं आणि त्या आनेकलला गेल्या. फोन केला की आधी विचारतात, झोप किती झाली. धिक्काराचं नंतर.

आता तुम्ही. हो, तुम्हीच, वाचून मान डोलावणारे. तुमच्या गावच्या मंडळात जा आणि नोंदणीचा अर्ज मागा. चौदावा रकाना असला तर खाली लिहा: विचारणाऱ्यांनी आधी स्वतःचं सांगावं. पण ते उद्या केलंत तरी चालेल. आजचं काम दुसरं आहे. तुमच्या ओळखीत, तुमच्या इमारतीत, आत्ता कोणीतरी नुकतीच बाळंत झालेली बाई जागी आहे. तिच्याकडे जा. बाळ कुणासारखं दिसतं ते सांगू नका. ते उचलून घ्या, तिच्या खोलीचं दार बाहेरून ओढून घ्या, आणि ती आपली आपण उठेपर्यंत कुणालाही आत जाऊ देऊ नका. तिच्या सासूलाही नाही.